उत्तरकालीन रोमन सुवर्णनाण्यांच्या भारतीय अनुकृती व त्यांची परीक्षा

महाराष्ट्रांतील जुन्या घराण्यांच्या दागिन्यांत पुतळ्यांची माळ असते, हें वाचकांस सांगावयास नको. या माळेंतील पुतळी म्हणजे मूळचें व्हेनिस येथील डुकाट नांवाचें सोन्याचें नाणें होय. इ. स. १२८४ मध्यें तें प्रथम पाडलें गेलें. त्याचें वजन सुमारें साडेतीन ग्रॅम असून सोनें जवळ जवळ निर्भेळ असे. एका बाजूस संत मार्काच्या हातून ध्वज घेणारा, गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपति, आणि दुसऱ्या बाजूस ख्रिस्ताची उभी मूर्ति, असें त्याचें रूप आहे. हें नाणें इकडे रूढ झाल्यावर इकडच्याच कारागिरांनीं त्याच्या प्रतिकृती केल्या. त्यांत लॅटिन अक्षरांच्या नुसत्या उभ्या रेघा झाल्या व मूर्तींच्या बाहुल्या झाल्या. तथापि अशा पुतळीस कोणी खोटी म्हणत नाहीं. ती व्हेनिसची नव्हे इतकेंच. सोनें सोनेंच असतें आणि माळेंतील तिचा मान तोच असतो.

डुकाटाच्या कित्येक शतकें आधीं हाच प्रकार रोमन सुवर्णनाण्यांच्या बाबतींत दक्षिण हिंदुस्थानांत घडून गेला होता. इसवीच्या चौथ्या शतकापासून सहाव्या शतकापर्यंतचीं रोमन नाणीं कृष्णा-तुंगभद्रेच्या प्रदेशांत व त्याच्या दक्षिणेस सांपडलीं आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या देशी अनुकृतीही सांपडल्या आहेत. अशी अनुकृति संग्राहकाच्या किंवा सोनाराच्या हातीं पडली म्हणजे दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. ग्रंथांतील चित्राशीं ती जुळत नाहीं म्हणून तिला बनावट ठरवून आटविण्यांत येते; किंवा उलट, आजकालचें बनावट नाणें ‘प्राचीन भारतीय अनुकृति’ या भारदस्त नांवाखालीं भारी किंमतीस विकलें जातें. पहिल्या प्रकारांत इतिहासाचें एक साधन कायमचें नष्ट होतें, दुसऱ्यांत खोटें साधन इतिहासांत शिरतें. दोहोंपैकीं कोणता अनर्थ मोठा हें सांगणें कठीण आहे. म्हणून अस्सल, अनुकृति व बनावट हे तीन वर्ग वेगळे कसे ओळखावे, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत केलें आहे. अस्सल म्हणजे रोमन सरकारी टांकसाळींत पडलेलें. अनुकृति म्हणजे त्याच काळीं किंवा थोड्या काळानें, टांकसाळीबाहेर, वापरासाठीं केलेलें. आणि बनावट म्हणजे अर्वाचीन काळीं संग्राहकास फसविण्यासाठीं केलेलें, अशी या शब्दांची व्याख्या येथें धरली आहे.

यवतमाळ जिल्ह्यांतील पांढरकवडा व त्याच्या आसपासच्या संग्राहकांस या विषयाचें अगत्य विशेष असावयास पाहिजे. नागपुराहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता पांढरकवड्यावरून जातो व पुढें पैनगंगा उतरून तेलंगणांत शिरतो. ज्या प्रदेशांत हीं नाणीं निघतात त्याच्याशीं वऱ्हाडचें दळणवळण या वाटेनें सहज होतें आणि नाण्यास पाय असतात, हें संग्राहकांस ठाऊकच आहे. शिवाय काळाच्या दृष्टीनेंही हा विषय आपल्या प्रांतास परका नाहीं. वत्सगुल्म म्हणजे आजचें वाशीम. तेथील वाकाटक राजा हरिषेण पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत राज्य करीत होता. साधारण त्याच काळांत कॉन्स्टँटिनोपल येथें लिओ (४५७–४७४), झेनो (४७४–४९१) व अनास्टेशियस (४९१–५१८) हे बादशहा होऊन गेले. वाकाटकांनीं सोन्याचीं नाणीं पाडल्याचें आढळत नाहीं. अशा काळीं परदेशी सुवर्णमुद्रेस दख्खनमध्यें किती महत्त्व आलें असेल याचा तर्क करतां येतो.

प्रथम अस्सल नाण्याचें लक्षण पाहूं. आरंभींच्या रोमन बादशहांचें सोन्याचें नाणें ऑरियस या नांवाचें होतें. ऑगस्टसच्या काळीं त्याचें वजन सुमारें ७.९ ग्रॅम होतें व पुढें तें उतरत गेलें. इ. स. ३०९ च्या सुमारास कॉन्स्टंटाइन यानें सॉलिडस हें नवें नाणें काढलें. एका रोमन पौंडांत ७२ सॉलिडस हें त्याचें प्रमाण असून त्याचें वजन सुमारें साडेचार ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापानें चार मासे व पांच गुंजा, येतें. इ. स. ३६७ च्या सुमारास व्हॅलेंटिनियन पहिला याच्या कारकीर्दीत सोन्याच्या शुद्धतेविषयीं कडक नियम झाले व तेव्हांपासून नाण्याच्या तळाशीं ‘ओ-बी’ हीं अक्षरें येऊं लागलीं. शुद्ध केलेलें सोनें या अर्थाच्या लॅटिन शब्दाचीं तीं आद्याक्षरें होत. योगायोगानें ग्रीक अंकपद्धतींत याच दोन अक्षरांचा अर्थ ७२ असाही होतो. त्यांच्यामागें कॉन्स्टँटिनोपलचीं ‘सी-ओ-एन’ हीं अक्षरें जोडून ‘कॉनॉब’ असा जो शब्द बनतो, तो या वर्गाच्या बहुतेक नाण्यांच्या मागील बाजूस तळाशीं दिसतो.

दर्शनी बाजूस इ. स. ३९५ पासून ५३८ पर्यंत कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीनें बहुतांशीं एकच चित्र चालविलें. शिरस्त्राण घातलेला बादशहा किंचित् एका बाजूस वळून समोर पाहत आहे. उजव्या हातांतील भाला खांद्यावरून डोक्यामागें गेला आहे. डाव्या बाजूस ढाल असून तिजवर घोडेस्वार पडलेल्या शत्रूस भाल्यानें भोंसकीत आहे, असें तें चित्र आहे. भोंवतीं ‘आमचा स्वामी’ या अर्थाचीं ‘डी-एन’ हीं अक्षरें, नंतर बादशहाचें नांव, शेवटीं ‘ऑगस्टस’ इत्यादि बिरुदांचीं संक्षिप्त अक्षरें असतात. मागील बाजूस थिओडोसियस दुसरा (४०८–४५०) याच्या एका प्रसिद्ध प्रकारांत लांब क्रूस धरलेली पंख असलेली विजयदेवता आहे. मार्शियन, लिओ, झेनो व अनास्टेशियस यांनीं तीच देवता पुढें चालविली व तिच्याभोंवतीं ‘व्हिक्टोरिया’ हा शब्द आणि बादशहांचें अनेकवचन दर्शविणारीं तीन ‘जी’ अक्षरें ठेविलीं. या लेखाच्या शेवटीं अल्फापासून आयोटापर्यंतचें एक ग्रीक अक्षर येतें. तें टांकसाळींतील कारखान्याचा अनुक्रम दाखवितें. जस्टिन पहिला (५१८–५२७) याच्या काळीं या देवतेच्या जागीं समोर पाहणारा देवदूत आला, आणि जस्टिनियन यानें ५३८ मध्यें भाला काढून बादशहाच्या हातीं क्रूसयुक्त गोल दिला. हा क्रम पाठ असला म्हणजे अर्धी परीक्षा झाली असें समजावें. कारण अनुकृति करणारा कारागीर चित्र पाहून कोरीत असे. चित्रांचा हा कालक्रम त्यास ठाऊक नसे.

आतां या अनुकृती कां झाल्या हा प्रश्न येतो. परदेशी सुवर्णमुद्रेची प्रतिष्ठा हें एक कारण उघड आहे. सहाव्या शतकाच्या मध्यास ग्रंथ लिहिणारा कॉस्मस इंडिकोप्लुस्टेस हा सोपात्रोस नांवाच्या व्यापाऱ्याची कथा सांगतो. सिंहलद्वीपाच्या राजापुढें हा व्यापारी व एक इराणी गृहस्थ आपापल्या राजाचें मोठेपण सांगूं लागले. तेव्हां सोपात्रोसानें दोन्ही राजांचीं नाणीं पुढें ठेवविलीं, आणि रोमन सोन्यापुढें इराणी रुपें फिकें पडलें. कथेंत अतिशयोक्ति असली तरी नाण्याकडे राजाची प्रतिमा म्हणून पाहण्याची दृष्टि तींत स्पष्ट आहे. दुसरें कारण दागिन्याचें आहे. आपल्याकडे नाणें व कंठभूषण यांचा संबंध फार जुना. वैदिक वाङ्मयांत निष्क म्हणजे गळ्यांतील अलंकार, पुढें तोच शब्द नाण्यास लागला, आणि अमरकोशांत निष्काच्या अर्थांत दीनारही दिला आहे. दीनार हा शब्द तर रोमन डिनेरियस यावरूनच आलेला. दक्षिणेंत सांपडलेल्या उत्तरकालीन रोमन नाण्यांस व त्यांच्या अनुकृतींस बादशहाच्या मस्तकावर शेजारीं शेजारीं दोन भोंकें पाडलेलीं पुष्कळदां आढळतात. तीं अशा बेतानें असतात कीं दोऱ्यांत ओंवल्यावर मुखवटा सरळ व समोर राहावा. हें काम करणाऱ्यास चित्राची वर-खाल बाजू कळत होती व दर्शनी बाजूच दाखवावयाची होती, इतकें त्यावरून निश्चित होतें.

अनुकरणाची ही प्रवृत्ति सोन्यापुरती व याच काळापुरती नव्हती. तेलंगणांतील नलगोंडा जिल्ह्यांत अक्कनपल्ली येथें निघालेल्या पंधराशेंहून अधिक रुप्याच्या नाण्यांच्या निधींत ऑगस्टस व टायबेरियस यांच्या नाण्यांच्या अनुकृती आहेत. मराठवाड्यांतील तेर व तेलंगणांतील कोंडापूर येथें टायबेरियसच्या धर्तीचीं मातीचीं पदकें मिळालीं असून त्यांस ओंवण्यासाठीं नाकें आहेत. कर्नाटकांतील अक्की-आलूर येथील निधि मात्र आपल्या विषयाच्या अगदीं मध्यावर येतो. त्यांत थिओडोसियस दुसरा यापासून जस्टिन पहिला यापर्यंतचीं सोन्याचीं नाणीं आहेत. अस्सल नाणीं कशीं होतीं व तीं कोणत्या काळापर्यंत इकडे येत होतीं हें त्यावरून कळतें.

अनुकृतीचीं लक्षणें आतां क्रमानें सांगतों. पहिलें व मुख्य लक्षण लेखाचें. लॅटिन न जाणणारा कारागीर अक्षरास चित्र समजून कोरतो. त्यामुळें अक्षरें उलटीं पडतात, ‘ए’ आणि ‘व्ही’ यांची अदलाबदल होते, ‘एस’ पालथा होतो, व शेवटीं सर्व लेख उभ्या-आडव्या रेघांची माळ बनतो. तथापि एखाद-दुसरें अक्षर उलटें आहे एवढ्यावरून निर्णय करूं नये. सरकारी टांकसाळींतही कोरणाराच्या चुका झालेल्या आहेत. चूक एका ठिकाणीं असते, अज्ञान सर्वत्र असतें. हा भेद ध्यानांत ठेवावा.

दुसरें लक्षण चित्राच्या आकलनाचें. ढालीवरील घोडेस्वार हा या बाबतींत उत्तम साक्षी आहे. अस्सल नाण्यावर तो कितीही झिजला तरी घोड्याची मान, स्वाराचा हात व खालचा शत्रु यांचा परस्परसंबंध राहतो. अनुकृतींत त्याचे ठिपके व वांकड्या रेघा होतात, कारण तेथें काय आहे हें कारागिरास उमगलेलेंच नसतें. तसाच डोक्यामागून येणारा भाला. अनुकृतींत तो कधीं शिरस्त्राणास चिकटतो, तर कधीं हातापासून तुटून मोकळाच राहतो. विजयदेवतेचे पंख व क्रूसाचा दांडा हेही असेच पाहावे.

तिसरें लक्षण विसंगतीचें. एका बादशहाची दर्शनी बाजू व दुसऱ्याच्या काळची मागील बाजू एकत्र आली, किंवा वर सांगितलेल्या क्रमांत न बसणारी जोडी दिसली, तर अनुकृतीचा संशय घ्यावा. चौथें लक्षण दोन बाजूंच्या परस्पर दिशेचें. कॉन्स्टँटिनोपलच्या या काळच्या नाण्यांत दोन्ही बाजूंचीं चित्रें बहुधा एकमेकांशीं उलटीं असतात. म्हणजे नाणें उभ्या आंसावर पानासारखें उलटलें तर मागील चित्र खालीं डोकें वर पाय असें दिसतें. अनुकृतींत ही दिशा वाटेल ती असते. पांचवें लक्षण वजनाचें. एकटें वजन कांहींच सिद्ध करीत नाहीं. कातरलेलें अस्सल नाणें हलकें भरतें, भोंक पाडलेलें हलकें भरतें, आणि कडी डाखलेलें जड भरतें. चांगल्या अनुकृतीचें वजन व कस दोन्ही अस्सलाच्या जवळ जाऊं शकतात. कांहीं अनुकृती मात्र हलक्या धातूच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा चढवून केलेल्या असतात.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. अनुकृति ठरली म्हणजे ती भारतीय ठरली असें नव्हे. युरोपांत गॉथ, फ्रँक इत्यादि लोकांनीं अनास्टेशियस, जस्टिन व जस्टिनियन यांच्या नांवाचीं सोन्याचीं नाणीं पुष्कळ पाडलीं, आणि त्यांतही लेख बिघडलेले आहेत. आज जगाच्या बाजारांत हीं सर्व नाणीं फिरतात. तेव्हां नाणें कोठें सांपडलें याची विश्वसनीय माहिती व मस्तकावरील दोन भोंकें यांसारखी इकडची खूण असल्याखेरीज ‘भारतीय’ हें विशेषण लावूं नये. सांपडल्याचें ठिकाण हरवलें कीं नाण्याचें अर्धें मोल हरवलें, हें वाक्य येथें अक्षरशः खरें आहे.

उलट, आपल्याच शेजारच्या दुसऱ्या एका वर्गाशींही घोटाळा होऊं देऊं नये. छत्तीसगढांत महेंद्रादित्य, प्रसन्नमात्र इत्यादि राजांचीं पातळ पत्र्याचीं, एकाच बाजूनें उठाव दिलेलीं सोन्याचीं नाणीं मिळतात. बस्तरमधील एडेंगा येथील नल राजांचीं अशीं नाणीं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रसिद्ध केलीं. रोमन मुखवट्याचा ठसा पातळ पत्र्यावर उठवून केलेलीं पदकेंही असतात. परंतु छत्तीसगढच्या नाण्यांवर ब्राह्मी लेख व गरुडादि चिन्हें असल्यामुळें थोड्या लक्षानें फरक कळतो.

बनावट नाण्याची परीक्षा वेगळ्या मार्गानें करावी लागते, कारण बनावट नाण्यावरील लेख शुद्धही असूं शकतो. ओतून केलेल्या नाण्याच्या पृष्ठावर भिंगांतून बारीक खळगे दिसतात, अक्षरांच्या कडा गोलसर व मऊ असतात, आणि कांठावर सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा आढळतात. ठोकून पाडलेल्या नाण्यांत धातु साच्याच्या खोलगटांत सरकत गेल्याच्या बारीक रेषा अक्षरांभोंवतीं दिसतात. त्या ओतीव नाण्यांत नसतात. एकाच ठिकाणीं एकच खोंच असलेलीं दोन नाणीं आढळलीं तर दोन्ही एका साच्यांतून ओतलेलीं आहेत असें समजावें; कारण साचा एक असूं शकतो, अपघात एक असूं शकत नाहीं. नवे साचे कोरून ठोकलेलीं बनावट नाणीं यापेक्षां कठीण. जर्मनींतील कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) यानें कोरलेल्या साच्यांनीं नामांकित संग्रह फसले. अशा वेळीं जुन्या भोंकांकडे पाहावें. खऱ्या वापरांतल्या भोंकाची वरची कड दोऱ्यानें झिजून गुळगुळीत होते व मुखवट्याचे उंच भाग, म्हणजे नाक व शिरस्त्राण, सारखे झिजतात. भोंक धारदार व नाक झिजलेलें, किंवा भोंक झिजलेलें व नाक धारदार, अशी विसंगति दिसली तर संशय घ्यावा. तीच दृष्टि घावांच्या बाबतींत ठेवावी. पुदुक्कोट्टै येथें १८९८ मध्यें सांपडलेल्या ५०१ ऑरियसांपैकीं बहुतेकांवर बादशहाच्या मस्तकावर मुद्दाम घाव घातलेले होते. असे घाव भाव वाढविण्यासाठीं आजही घालतां येतात. परंतु जुन्या घावाचा तळ सभोंवतालच्या पृष्ठासारखा जुना दिसतो, नव्याचा चकचकीत असतो.

सोन्याच्या कसासाठीं कसोटीच्या दगडावर नाणें घासण्याची चाल आहे. तिचा आम्ही निषेध करतों. त्यानें नाण्यास कायमचा ओरखडा पडतो, आणि पत्रा चढविलेल्या नाण्यांत केवळ पत्र्याचाच कस कळतो. त्यापेक्षां विशिष्ट गुरुत्व काढावें. नाणें आधीं हवेंत तोलावें, मग बारीक केसानें टांगून स्वच्छ पाण्यांत तोलावें. हवेंतील वजनास पाण्यांत घटलेल्या वजनानें भागावें. उदाहरणार्थ, हवेंतील वजन ४.३८० ग्रॅम व घट ०.२३३ ग्रॅम असेल, तर गुरुत्व १८.८ येतें. शुद्ध सोन्याचें १९.३ व रुप्याचें १०.५ धरून, भेसळ रुप्याची मानली, तर सोनें शेंकडा सुमारें ९७ पडतें. तें अस्सल सॉलिडसला शोभण्यासारखें आहे. परंतु हीच घट चुकून ०.२४३ वाचली तर गुरुत्व १८.० येऊन सोनें शेंकडा सुमारें ९१ ठरतें. म्हणजे अवघ्या दहा मिलिग्रॅमच्या चुकीनें निकाल फिरतो. म्हणून मिलिग्रॅम दाखविणारा कांटा असल्याशिवाय हें गणित करूं नये, नाण्यास चिकटलेले हवेचे बुडबुडे काढावे, व तीन वेळां तोलून मध्यम घ्यावा. कडी डाखलेल्या नाण्यावर ही रीत चालत नाहीं, कारण डाखाची धातु वेगळी असते. रुप्याच्या गाभ्याचें नाणें मात्र या रीतीनें तत्काळ उघडें पडतें. त्याचें गुरुत्व ११-१२ च्या आसपासच राहतें. आज क्ष-किरणांच्या यंत्रानें नाण्यास धक्का न लावतां धातु तपासतां येते. परंतु तें यंत्रही मुख्यतः पृष्ठभागच पाहतें, म्हणून गुरुत्वाची जोड त्यास हवीच.

निर्णय कोणत्याही एका लक्षणावर करूं नये. लेख, चित्र, जोडी, दिशा, वजन, गुरुत्व, झीज व सांपडल्याचें ठिकाण या आठ साक्षींपैकीं बहुतेक एका बाजूस आल्या म्हणजेच मत द्यावें. तोंपर्यंत नाणें ‘अनिर्णीत’ म्हणून नोंदवावें. अनिर्णीत नाणें उद्यां निर्णीत होऊं शकतें, आटवलेलें होत नाहीं. नोंद करतांना दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें, लेख जसा दिसतो तसाच, सुधारून नव्हे, भोंकांचें स्थान, व मालकाच्या घरीं तें केव्हां व कसें आलें याची हकीकत लिहून ठेवावी. दोन अनुकृती एकाच साच्याच्या आहेत असें छायाचित्रांवरून दिसलें, तर त्या कोठें केल्या गेल्या या प्रश्नावर जितका प्रकाश पडेल तितका दहा तर्कांनीं पडणार नाहीं. नाणें घासून उजळूं नये, कडी काढूं नये, भोंक बुजवूं नये; त्या सर्व खुणा इतिहासच आहेत. जमिनींत निधि सांपडला तर १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणें हें कर्तव्य आहे, आणि १९७२ च्या पुरावशेषांसंबंधींच्या कायद्याप्रमाणें अशीं नाणीं खासगी रीतीनें परदेशीं नेतां येत नाहींत.

पुतळीच्या माळेंतील पुतळी व्हेनिसची कीं इकडची, हें पाहण्याची आवश्यकता ती माळ घालणारीस कधीं वाटली नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास ती वाटली पाहिजे. अस्सल सॉलिडस सांगतो कीं रोमचें सोनें इकडे आलें. अनुकृति सांगते कीं इकडच्या लोकांस तें हवेंसें वाटलें. पहिली गोष्ट रोमन इतिहासाची आहे, दुसरी आपल्या. म्हणून ज्या नाण्यावरचा लेख वाचतां येत नाहीं, तेंच आपण अधिक जपून ठेवावें.